मॅनिफोल्डचा एक नट गोल झाला, कडेचा स्टड तुटला; आता कसे काढू?

तुम्ही लिहिलंय की एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग) आठ नटांपैकी सहा सुटले, एकाचे कोपरे पान्याखाली घासून तो गोल झाला आणि अगदी कडेचा स्टड (इंजिनात बसवलेला, डोकं नसलेला बोल्ट) तुटून पाऊण सेंटिमीटर बाहेर राहिलाय. हाताशी रिंग पाने, व्हाइस ग्रिप (दाबली की तशीच धरून राहणारी पक्कड), ड्रिल मशीन आणि डब्ल्यूडी-४० चा डबा आहे. आता पाइप लावून जोर करू की सरळ ड्रिल मारू, असा तुमचा प्रश्न आहे.

आज दोन्ही नको. पाना खाली ठेवा. मी गाड्यांचंच काम करतो, आणि आतापर्यंत माझ्या हातून जेवढे स्टड तुटले त्यातले निम्मे तरी गंजामुळे नाही, संध्याकाळी काम उरकायच्या घाईमुळे तुटले. उरलेले दोन नट त्या सुटलेल्या सहांपेक्षा जास्त वेळ खाणार, हे आधीच धरून चला.

पहिलं काम, उजेडाची बॅटरी घेऊन नीट बघा. हेड, म्हणजे इंजिनाचा ज्या भागावर मॅनिफोल्ड बसतो तो, बिडाचं (ओतीव लोखंडाचं) आहे की अॅल्युमिनियमचं? चुंबक लावला की लगेच कळतं. यावर पुढचं बरंच ठरतं. बिडात पोलादी स्टड अडकतो तो लाल गंजामुळे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, आणि आट्यांमधली फट तर केसाएवढीसुद्धा नसते. म्हणजे गंज नुसता चिकटत नाही, तो पाचर ठोकल्यासारखा आतून आवळतो. अॅल्युमिनियममध्ये प्रकार वेगळा. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, की अॅल्युमिनियम झिजायला लागतं आणि आट्यांत पांढरी भुकटी भरते. ती तेलाला फारशी दाद देत नाही, उष्णतेला देते. तिसरा प्रकार थ्रेडलॉकचा, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावतात त्या डिंकाचा. आधी कोणीतरी लाल रंगाचं लावून ठेवलं असेल तर तिथे तेल दिवसभर मारलं तरी व्यर्थ, तो डिंक साधारण २५० अंशांपर्यंत तापवल्यावरच मऊ पडतो. मॅनिफोल्डवर मात्र तो सहसा नसतो, तिथल्या तापमानात टिकतच नाही.

डब्ल्यूडी-४० बद्दल. हे १९५३ सालचं मिश्रण, आणि नावाचाच अर्थ पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयत्न असा आहे. ओल घालवायला उत्तम, गंजात झिरपायला बरं, पण याच कामासाठी बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल मिळालं तर ते घ्या. आपल्याकडचे काही जण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. मीही वापरलंय, चालतं, पण अॅसिटोन भडका घेतं, म्हणून ते मारलं की त्या दिवशी गॅसची शेगडी किंवा ज्योतीची टॉर्च जवळ आणायची नाही. खरं सांगायचं तर कुठलं तेल यापेक्षा किती वेळ हे जास्त महत्त्वाचं. आधी वायर ब्रशने बाहेर आलेले आटे घासा, नाहीतर तेल गंजाच्या खपल्यांवरच बसून राहतं. मग तेल मारा, नटाच्या डोक्यावर आणि बाजूंवर छोट्या हातोडीने टकटक करा. मोडायचं नाहीये, फक्त हादरे द्यायचे आहेत. त्या हादऱ्यांनी गंजात बारीक भेगा पडतात आणि तेल आत ओढलं जातं. रात्री झोपताना परत एकदा, सकाळी परत. हे एवढं केलं तर पुढचं निम्मं उत्तर वाचायची गरज पडत नाही.

आणि हो, आटे उलटे तर नाहीत ना हे बघायची सवय लावून घ्या. तुमच्या मॅनिफोल्डवर उलटे नसतातच, पण काही मोटरसायकलींच्या उजव्या आरशाला, जुन्या ट्रकच्या डाव्या चाकांच्या नटांना, काही रेडिएटर फॅनच्या मधल्या नटाला डावे आटे असतात. मी शिकाऊ असताना अशाच एका आरशावर अर्धा तास घाम गाळला होता. मी तो सोडवत नव्हतो, आणखी आवळत होतो. उस्ताद मागे उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत. शेवटी आरसा माझ्या हातात आला, आटे मात्र हँडलच्या क्लॅम्पमध्येच राहिले.

आता तो गोल झालेला नट. तो गोल का झाला हे आधी समजून घ्या, म्हणजे बाकीच्यांचं तसं होणार नाही. तुमचे रिंग पाने बहुधा बारा कोनी आहेत. बारा कोनी पाना लावायला सोपा, कारण जरासा फिरवला की बसतो, पण तो नटाला धरतो अगदी कोपऱ्याजवळ. गंजून कोपरे आधीच कमजोर झालेले असले की तिथेच घसरतो. सहा कोनी सॉकेट, ज्याला गॅरेजात गोटी म्हणतात, ती कोपऱ्यापासून आत, सपाट बाजूवर दाब देते. गंजलेल्या नटावर सहा कोनीशिवाय काही लावायचंच नाही, हा माझा नियम. उघड्या तोंडाचा फिक्स पाना तर अजिबात नाही. तो जेमतेम दोन कोपऱ्यांवर लटकतो आणि जबडाही थोडा फाकतो.

दुसरं, गंज नटाला खाऊन बारीक करतो. तेरा नंबरचा नट साडेबाराचा झालेला असतो, आणि आपण तेराचा पाना लावून म्हणतो की पाना खराब आहे. अशा वेळी अर्धा इंची सॉकेट उपयोगी पडते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. ती तेराच्या गंजक्या नटावर हातोडीने ठोकून बसवली की घट्ट बसते. तुमच्या नटाचे कोपरे थोडे तरी शिल्लक असतील तर हे आधी करून बघा. पार गोल झाला असेल तर बारा नंबरची बारा कोनी गोटी ठोका; आत्ता ज्या बारा दातांना नावं ठेवली तेच इथे नटाच्या अंगात रुततात. ती गोटी नंतर नटातून काढायला त्रास होतो आणि तिचं आयुष्यही कमी होतं, म्हणून यासाठी एखादी जुनी ठेवावी. व्हाइस ग्रिपवर भरवसा ठेवायचा असेल तर आधी कानशीने नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करून घ्या. गोल गोष्टीवर व्हाइस ग्रिप फक्त ओरखडे काढते.

नट पकडीत आला की पहिला जोर सोडण्याच्या दिशेने लावायचा नाही. जरासा आवळायचा. एक-दोन अंश हलला तरी पुरे, गंजाची पकड कुठल्याही दिशेने मोडली तरी मोडतेच. मग उलटा. पाव फेरा सुटला की परत थोडा आत, तेल, परत बाहेर.

आणि आता जी गोष्ट कुठल्या व्हिडिओत दिसत नाही ती, म्हणजे हाताला काय लागतं ते. जो नट सुटणार असतो तो आधी दगडासारखा स्थिर असतो, मग एकदम 'कट्' असा कोरडा आवाज येतो आणि पाना एका झटक्यात थोडा सरकतो. तो आवाज ऐकला की मला अजूनही बरं वाटतं. जो बोल्ट तुटणार असतो तो आवाज करत नाही. पाना सरकतो, पण मऊपणे, ओल्या दोरीला पीळ दिल्यासारखा, आणि जोर सोडला की किंचित मागे येतो. आपल्याला वाटतं, आला, सुटला! तो सुटत नसतो, पिळला जात असतो. त्या क्षणी थांबलात तर बोल्ट वाचतो. अजून एक ओढ दिलीत तर मान मोडते, आणि तीही नेमकी हेडच्या पृष्ठभागापाशी. तिसरा प्रकार करकर आवाजाचा: नट फिरतोय पण चिरकतोय, प्रत्येक अंशाला जड होतोय. म्हणजे आट्यांत गंजाची भुकटी अडकून धातू धातूला खातोय. तिथे पुढे रेटू नका. मागे फिरवा, तेल मारा, भुकटी बाहेर येऊ द्या.

पाइप लावू नका म्हटलं ते याचसाठी. तुमचा स्टड बहुतेक आठ मिमीचा असेल. ८.८ ग्रेडचा आठ मिमीचा बोल्ट साधारण २५ न्यूटन मीटरला आवळतात. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे दहा किलो जोर. त्याच पान्यावर मीटरभराचा पाइप चढवून तोच दहा किलो जोर दिलात तर जवळपास १०० न्यूटन मीटर होतात. त्याच्या कितीतरी आधी बोल्ट गेलेला असतो, आणि पाइपाच्या टोकाला तो मऊपणा, ती सूचना, हाताला लागतच नाही. लांब पाना चाकाच्या नटाला ठीक आहे. आठ मिमीला नाही. उलट छोटा पाना लावून त्याच्या टोकावर हातोडीचे कोरडे, झटपट ठोके हे बऱ्याचदा कामी येतं. इंपॅक्ट गन हेच करते. धक्का गंज मोडतो, सलग ओढ बोल्ट पिळते.

एवढ्याने नाही झालं तर उष्णता. इथे लोक चूक करतात ती म्हणजे सगळंच तापवत बसतात. तापवायचं असतं बाहेरचं, आतलं नाही. नट लवकर, कडेकडेने, मंद लाल होईपर्यंत तापवा, स्टड त्या मानाने थंड राहिला पाहिजे. नट फुगतो, गंज चिरडतो. मग थोडं थंड होऊ द्या आणि पाना लावा. गरम असतानाच आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. जुना उपाय आहे, पण हसू नका, चालतो. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये अडकलेल्या स्टडला मात्र स्टडभोवतीचं हेड तापवायचं. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोन्ही शंभर अंशांनी तापले तरी आठ मिमीचं भोक स्टडपेक्षा साधारण ०.००९ मिमी जास्त मोठं होतं. केसाच्या आठव्या हिश्श्याएवढा फरक, पण पांढऱ्या भुकटीला तेवढाही पुरतो. फक्त एक लक्षात ठेवा, पोलाद लाल होऊन आपल्याला सांगतं, अॅल्युमिनियम सांगत नाही. शुद्ध असेल तर ते ६६० अंशांना वितळतं, हेडचं मिश्रधातूचं त्याच्याही आधी, आणि तोवर रंग बदलत नाही, सरळ खाली ओघळतं.

आग लावण्याआधी इंधनाची नळी, ब्रेकची रबरी नळी, सेन्सरची वायर हे सगळं बाजूला करा किंवा झाका, आणि अग्निशामक जवळ ठेवा. ब्रेक क्लीनरने भाग पुसून लगेच टॉर्च लावू नका; क्लोरीनवाला क्लीनर तापला की त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू निघतो. शॉक अॅब्सॉर्बरसारखी गॅस भरलेली बंद नळी तर कधीच तापवायची नाही. ही जी दोन-तीन वाक्यं आहेत ती तुम्ही वाचून सोडून द्याल हे मला माहीत आहे, म्हणून परत एकदा वाचा.

तरीही नट हटत नसेल तर त्याचा मोह सोडा, तो फोडा. नट स्वस्त, स्टड महाग, हेड सगळ्यात महाग. नट स्प्लिटर मिळाला तर छानच. नसेल तर करवतीने नटाची एक बाजू उभी कापत आट्यांपर्यंत न्या, थांबा, त्या चिरेत छिन्नी ठेवून ठोका. नट उघडतो. स्टडच्या आट्यांना किंचित ओरखडा येईल, त्यावरून डाय (बाहेरचे आटे कापायचं हत्यार) फिरवला की झालं. चष्मा डोळ्यावर असू द्या, हे काम चष्म्याशिवाय करणाऱ्याच्या डोळ्यातून मी किरचा काढलेला आहे.

आता तुटलेला स्टड. तुमचा पाऊण सेंटिमीटर बाहेर आहे, म्हणजे परिस्थिती वाटते तेवढी वाईट नाही. त्यावर आटे शाबूत असतील तर दोन पातळ नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड बाहेर फिरवायचा. चांगल्या स्टडसाठी ही सोपी रीत आहे. पण ज्या स्टडची मान गंजाने मोडली त्याला याने फारसं काही होत नाही, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवू नका.

मी सरळ वेल्डिंगकडे जातो. स्टडवर नट ठेवायचा, नटाच्या आत मिग वेल्डिंग मशीनची तार सोडत तळापासून भरत यायचं, म्हणजे स्टड आणि नट एकजीव होतात. स्टड हेडच्या बरोबरीने तुटला असेल तर आधी वर वायसर ठेवून तो स्टडला वेल्ड करायचा, मग वायसरवर नट. यात दोन कामं एकाच वेळी होतात: पकडायला नवं डोकं मिळतं, आणि स्टड आतून लालभडक तापून परत आकुंचन पावतो, गंज तिथेच मोकळा होतो. बघणाऱ्याला वाटतं वेल्डिंगने जोर मिळाला; खरं काम उष्णतेने केलेलं असतं. लाली जाईपर्यंत थांबा, मग आतबाहेर, आतबाहेर हलवत काढा. पहिला नट तुटून आला तर निराश होऊ नका, दुसरा लावा. माझा एक स्टड पाचव्या नटाला निघाला होता, आणि निघाला तेव्हा बोटाने फिरत होता. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर भीती आणखी कमी, पोलादाचा वेल्ड अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे भोकाचे आटे सहसा वाचतात. वेल्डिंगआधी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि अर्थचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. तुमच्याकडे मशीन नसेल तर वेल्डरला बोलवा. या एका गोष्टीसाठी दुसऱ्याचा हात लागला तर त्यात कमीपणा नाही.

ड्रिल हा शेवटचा मार्ग, आणि त्यातही इझी आउट (तुटलेल्या बोल्टात भोक पाडून आत रुतवायचा उलट्या आट्यांचा खिळा) वापरायचा विचार असेल तर जरा ऐका. आठ मिमीचा अख्खा स्टड जो पीळ सोसू शकला नाही, त्याच्या पोटात भोक पाडून चार मिमीचा इझी आउट घालून तोच पीळ द्यायचा, हा हिशोबच उलटा आहे. इझी आउट कडक असतो म्हणून ठिसूळ असतो. तो आत तुटला की साधं ड्रिल त्याला ओरखडासुद्धा काढत नाही. मग हेड उतरवून स्पार्क इरोजनवाल्याकडे, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू खाऊन काढणाऱ्याकडे, न्यावं लागतं. डोकं मोडलं पण आटे मोकळे आहेत अशा बोल्टसाठी तो ठीक, गंजलेल्यासाठी नाही.

ड्रिल मारायचंच असेल तर तुटलेलं टोक आधी सपाट घासा, सेंटर पंच अगदी मध्यावर मारा, तीन मिमीने सुरू करा, मग पाच. डाव्या फिरकीची ड्रिल बिट मिळाली तर तीच घ्या. ती कापता कापता सोडण्याच्याच दिशेला ओढते, आणि बरेचदा अर्ध्यात स्टड स्वतःच फिरून बाहेर येतो. शेवटी साडेसहापर्यंत गेलात तर आठ मिमीच्या आट्यांची फक्त गुंडाळी उरते, ती टोकदार सुईने उचलून काढायची आणि टॅप (भोकात आटे कापायचं हत्यार) फिरवायचा. मधोमध नसेल तर एका बाजूचे आटे गेलेच समजा. तसं झालं तर हेलिकॉइल: भोक सुमारे ८.३ मिमीचं करून, त्याचा खास टॅप मारून, आत तारेची गुंडाळी बसवायची. अॅल्युमिनियममध्ये ती मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते.

जाता जाता एक गंमत. घड्याळवाले पितळी पट्टीत तुटलेला बारीक पोलादी स्क्रू काढायला तुरटी वापरतात. तुरटीच्या गरम द्रावणात पट्टी ठेवली की पोलाद हळूहळू विरघळतं, पितळ राहतं. अॅल्युमिनियममध्ये तुटलेला टॅपही असा काढता येतो. पण तो भाग सुटा असावा लागतो, त्यात दुसरं काही पोलादी नसावं लागतं, आणि वेळ तासांत नाही, कधीकधी दिवसांत मोजावा लागतो. तुमच्या हेडला चालणार नाही, तरी माहीत असावं.

परत बसवताना सगळे आठही स्टड नवे घ्या, जे सहा नीट सुटले तेही. ते इतकीच वर्षं तापलेत. स्टड हेडमध्ये हाताने बसवून किंचित आवळायचा, पिळायचा नाही. आट्यांना निकेलचं अँटी-सीझ (आटे पुन्हा अडकू नयेत म्हणून लावायचं वंगण) लावा आणि तांब्याचा मुलामा असलेले नट वापरा. वंगण लावलेल्या आट्यांना टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, थोडा कमी ठेवावा लागतो, कारण घर्षण कमी झाल्याने तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. हेच वंगण चाकाच्या नटांना लावायचा मोह होईल. तिथे ते कोरडेच ठेवायचे असतात.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही. तुटला तो कडेचा स्टड, मधला नाही. हे सहसा असंच असतं. बिडाचा मॅनिफोल्ड चाळीस सेंटिमीटर लांब असेल आणि सहाशे अंशांनी तापला तर तो अडीच मिमीच्या आसपास लांबतो. हेड तेवढं तापत नाही, तेवढं लांबत नाही. सगळी ओढाताण टोकाच्या स्टडवर येते, म्हणून बऱ्याच मॅनिफोल्डला कडेची भोकं मुद्दाम मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात. तेव्हा मॅनिफोल्ड हातात आला की त्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवा, खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघा, आणि कडेची भोकं गंज किंवा काजळीने भरून घट्ट झाली असतील तर साफ करा. तोंड वाकलं असेल तर आधी मशीनवर सपाट करून घ्या, नाहीतर नवा स्टड त्याच जागी तुटेल.